बाखचं शाकोन, ११० चा आकडा आणि अर्ध्या सुराचा घोळ

प्रकरण तसं साधं आहे. व्हायोलिन शिकणारी एक मुलगी, बऱ्यापैकी पुढे गेलेली, बाखच्या सोलो तुकड्यांपर्यंत पोचलेली. तिने दुसऱ्या पार्टिटातलं (पार्टिटा म्हणजे नाचांची माळ) शेवटचं शाकोन बसवायला घेतलं आणि सोबतीला एक रेकॉर्डिंग निवडलं, का तर त्यातला आवाज आवडला, बस. रेकॉर्डिंगखाली अ‍ॅपने एक कार्ड दिलेलं होतं: की (पट्टी) सी शार्प मायनर, टेम्पो ११० बीपीएम (मिनिटाला ११० मात्रा), मूड उदास आणि शांत. स्टँडवरच्या नोटेशनवर मात्र डी मायनर. मेट्रोनोम ११० ला लावला तर सुरुवात कशीबशी झाली पण पुढच्या पानावर बोटांचा पार चिखल, आणि रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेली तर पहिल्याच कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांना) कान किटले. मग मला विचारलं की नोटेशन चूक आहे, रेकॉर्डिंग चूक आहे की मीच चुकतेय.

यातलं कोणीच चूक नव्हतं. गोंधळ कार्डाचा होता, पण गंमत अशी की कार्डावरच्या तीन गोष्टी तीन वेगवेगळ्या प्रकारे गंडल्या होत्या आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, कारण "सॉफ्टवेअर आहे, चुकायचंच" म्हणून सोडून दिलं तर काहीच हाती लागत नाही.

तुकड्याची माहिती आधी थोडक्यात, ज्यांना आहे त्यांनी पुढे जा. बाखने एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना केल्या, तीन सोनाटा आणि तीन पार्टिटा, त्याच्या स्वतःच्या हाताने लिहिलेली सुबक प्रत १७२० ची आहे आणि ती बर्लिनच्या स्टेट लायब्ररीत आहे. दुसरी पार्टिटा डी मायनरमध्ये, बीडब्ल्यूव्ही १००४ (बाखच्या रचनांच्या यादीतला क्रमांक). त्यात आधी चार नाच येतात, अलेमांडा, कोरेंटे, साराबांडा, जीगा, आणि मग हे शाकोन, जे एकटंच आधीच्या चौघांच्या बेरजेशी स्पर्धा करेल एवढं लांब आहे. तीन मात्रांचे २५७ बार. चार बारांचा एक साचा आणि त्याच्यावर एकामागून एक व्हेरिएशन, दुसरं काही नाही. पहिले १३२ बार मायनर (कोमल गंधाराची पट्टी), मग ७६ बार मेजर (शुद्ध गंधाराची), मग शेवटचे ४९ परत मायनर. हे आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

पट्टी: ऐकलं बरोबर, नाव चुकलं

आधी पट्टीचं बघू कारण ते सगळ्यात स्वच्छ सुटलं. नोटेशन डी मायनर म्हणजे पांढरी दोनचा षड्ज, कार्ड म्हणतंय सी शार्प मायनर म्हणजे काळी एक. बरोबर अर्धा सूर खाली. आता पट्टी ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या नेहमीच्या चुका ठरलेल्या असतात. डी मायनरच्या जागी एफ मेजर सांगतो कारण दोन्हीचे सूर तेच, किंवा डी मेजर सांगतो कारण षड्ज तोच, किंवा पाचव्या सुरावर जाऊन ए मायनर सांगतो. या क्षेत्रात मायरेक्स नावाची तपासणी असते तिथे या चुकांना चक्क सवलतीचे मार्क आहेत, पाचव्या सुराच्या चुकीला अर्धा, एफ मेजर म्हटलं तर ०.३ आणि डी मेजर म्हटलं तर ०.२. पण अर्ध्या सुराच्या चुकीला शून्य, कारण डी मायनर आणि सी शार्प मायनर यांच्यात सामाईक असं फारसं काही नाहीच. म्हणजे एखादा प्रोग्रॅम डी मायनरचा सी शार्प मायनर करतो तेव्हा तो सहसा गोंधळलेला नसतो, त्याच्या कानावर खरंच अर्धा सूर खालचं काहीतरी आलेलं असतं.

तपासायची पद्धत अगदी सोपी आहे. हे शाकोन संपतं एका डीवर. शेवटी भलामोठा कॉर्ड वगैरे काही नाही, नुसता डी. तो शेवटचा लांब सूर ट्यूनरला ऐकवायचा आणि हर्ट्झमध्ये आकडा बघायचा. ए ४४० धरून (म्हणजे मोकळी ए तार ४४० हर्ट्झला) लावलेल्या व्हायोलिनवर हा डी साधारण २९४ हर्ट्झला यायला हवा. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये तो आला २७७ च्या आसपास. आणि ४४० च्या हिशेबात २७७ म्हणजे सी शार्प, त्यामुळे ट्यूनरच्या स्क्रीनवर पण ठळक सी शार्पच दिसत होतं.

आता इथे दोन शक्यता असतात आणि त्यातली कुठली खरी ते ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नये. एक, रेकॉर्डिंगच मंद गतीने उतरवलंय. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, व्हायोलिनवादक मेन्युहिनने १९३० च्या दशकात या सहाही रचना रेकॉर्ड केल्या त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर, आणि ७८ ची तबकडी कोणी साधारण ७३.६ च्या वेगाने फिरवून उतरवून घेतली तर सगळं बरोबर अर्धा सूर खाली जातं आणि तेवढंच हळूही होतं. दोन, वादकाने व्हायोलिनच खाली लावलंय, म्हणजे बरोक (बाखच्या काळच्या धाटणीचं) ट्यूनिंग, ए ४१५. ४१५ हा काही बाखच्या काळातला सरकारी आकडा नव्हे, तेव्हा गावोगावी, चर्चगणिक सूर वेगळा असायचा, ४१५ ही आजच्या बरोक वादकांनी सोयीसाठी केलेली तडजोड आहे कारण ती ४४० च्या बरोबर अर्धा सूर खाली बसते. ४४० चं म्हणाल तर १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि नंतर आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने पक्कं केलं, म्हणजे बाख जाऊन दोनशे वर्षं होत आली होती.

मग कुठली शक्यता? अल्बमच्या माहितीत आतड्याच्या तारा आणि बरोक बो (गज) असं लिहिलेलं होतंच, पण लिहिलेल्यावर विश्वास न ठेवता कानाने पण खात्री करता येते आणि ते मला जास्त आवडतं. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डी मायनरमध्ये वाजवताना मोकळी डी आणि मोकळी ए सारखी हाताशी येते, आणि मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा उघड वाजते, बो उचलल्यावरही क्षणभर घुमत राहते. कोणी आजच्या ४४० च्या व्हायोलिनवर खरोखर सी शार्प मायनर वाजवत असेल तर त्या स्केलमध्ये मोकळी डी नाही आणि मोकळी जी पण नाही, त्यामुळे आवाज झाकलेला, बंद बंद येतो. या रेकॉर्डिंगमध्ये षड्जाचा प्रत्येक सूर मोकळा घुमत होता. म्हणजे बोटं डी मायनरचीच, फक्त अख्खं वाद्य अर्धा सूर उतरवलेलं. गतीचा घोळ असता तर मोकळ्या तारा घुमल्या असत्याच म्हणा, पण मग बोचा स्पर्श आणि खोलीची घुमारी पण ओढल्यासारखी, जड वाटली असती, शिवाय वादक श्वास घेतो ते आवाज विचित्र खोल येतात. तसं काही नव्हतं. आणि जुन्या रेकॉर्डिंगबद्दल शंका असेल तर विजेची घरघर शोधा, ती ५० किंवा ६० हर्ट्झवर किंवा त्यांच्या पटीत असायला हवी, सरकलेली दिसली की समजायचं गती हललेली आहे.

आता प्रोग्रॅमला हे का कळलं नाही? बहुतेक प्रोग्रॅम आधी बघतात की रेकॉर्डिंग ४४० पासून थोडंफार सरकलंय का, पण ते बघतात फक्त पाव सूर इकडे आणि पाव सूर तिकडे एवढ्याच पट्ट्यात. ४३० ला लावलेलं वाद्य असेल तर त्याला दिसतं की सगळे सूर ४० सेंट खाली आहेत (अर्धा सूर म्हणजे १०० सेंट), तो ते सावरून घेतो आणि नाव बरोबर सांगतो. ४१५ मात्र बरोबर शंभर सेंट खाली, म्हणजे पुढच्या घरात चपखल जाऊन बसलेलं, त्यामुळे प्रोग्रॅमला वाटतं सगळं कसं जागच्या जागी आहे. जास्त बेसूर असतं तर सापडलं असतं, इतकं नेमकं खाली आहे म्हणून निसटलं. नंतर तो सगळ्या तुकड्यातली ऊर्जा बारा सुरांच्या बारा खान्यांत जमा करतो आणि ती रास प्रत्येक पट्टीच्या ठराविक नमुन्याशी ताडून बघतो. हे नमुने बऱ्याचदा कॅरोल क्रुमहान्सल आणि केसलर यांनी १९८२ मध्ये ऐकणाऱ्यांकडून कोणता सूर किती "बसतो" याचे मार्क घेऊन बनवले त्यांच्यावर बेतलेले असतात. चांगली पद्धत आहे, फक्त तिला ४१५ माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र कार्डाच्या बाजूने सांगायला पाहिजे. २५७ पैकी ७६ बार, म्हणजे जवळजवळ तीस टक्के तुकडा मेजरमध्ये आहे. शेवटच्या सुरात तिसरा सूरच नाही, त्यामुळे तिथून मायनर की मेजर ते कळत नाही. शिवाय डी मायनर असूनही यात सी शार्प वारंवार येतो, सी पण येतो, बी फ्लॅट येतो, साधा बी पण येतो, एका ठिकाणी तर खालचा सूर पायरी पायरीने घसरत जातो आणि मधले अर्धे सूर सगळे घेतो. एवढं सगळं एका राशीत ओतून पण प्रोग्रॅमने "मायनर" बरोबर पकडलं आणि षड्जही जसा ऐकू आला तसा बरोबर पकडला. त्याच्या कानाला दोष देता येत नाही. फक्त एका ओळीत एकच पट्टी लिहायची सक्ती असल्यामुळे मधला अख्खा मेजर भाग कार्डावरून गायब झाला, आणि मूडचा जो पुढे बोऱ्या वाजला त्याचं एक कारण तेच.

११० आले कुठून

इथे गणित करायचं, आणि गणित शाळकरी आहे. २५७ बार गुणिले तीन मात्रा, पहिला बार अर्धवट म्हणजे दुसऱ्या मात्रेवर सुरू होतो ते सोडून द्या, साधारण ७७० मात्रा. रेकॉर्डिंग चौदा मिनिटांच्या आसपास. ७७० भागिले १४ म्हणजे ५५. सरासरी लय मिनिटाला ५५ मात्रा. कार्ड म्हणतं ११०. बरोबर दुप्पट.

म्हणजे परत एकदा, प्रोग्रॅमने काहीतरी खरं ऐकलं होतं पण चुकीच्या पातळीवर मोजलं. लय शोधणारे प्रोग्रॅम आधी प्रत्येक सूर कुठे सुरू होतो ते शोधतात आणि मग त्या सुरुवातींमध्ये कुठलं अंतर सारखं सारखं येतंय ते बघतात. ५५ च्या लयीत मात्रेचे दोन भाग केले की ११०, चार केले की २२०, आणि हे तिन्ही आकडे तुकड्यात खरोखर हजर असतात. त्यातला कुठला निवडायचा याचं उत्तर आवाजात नसतं, ते ताल समजण्यात असतं. प्रोग्रॅमकडे ती समज नाही म्हणून बऱ्याच प्रोग्रॅममध्ये १२० च्या आसपासच्या आकड्यांना आधीच झुकतं माप दिलेलं असतं, कारण ड्रम असलेली बहुतेक गाणी तिथेच कुठेतरी घुटमळतात. ५५ आणि ११० दोघं दारात उभे राहिले तर ११० आत घेतला जाणार हे ठरलेलंच.

पण फक्त एवढंच असतं तर दुप्पट-निमपट करून विषय संपला असता. शाकोनमध्ये आणखी तीन भानगडी आहेत आणि त्या सोलो व्हायोलिनच्याच आहेत.

पहिली भानगड कॉर्डची. व्हायोलिनची घोडी (तारांखालचा ब्रिज) वक्र असते, बोने एका वेळी दोन तारा धरून ठेवता येतात, तीन जोर लावून क्षणभर, चार तर नाहीच. त्यामुळे तीन-चार सुरांचा कॉर्ड मोडून वाजवावा लागतो, आधी खालचे दोन मग वरचे दोन. कागदावर एक मात्रा, कानाला दोन ठोके. मग मात्रा नक्की कुठल्या ठोक्यावर? काही वादक खालचे सूर मात्रेच्या आधी टाकतात आणि वरचा सूर मात्रेवर आणतात, काही उलट करतात. ही वादकाची मर्जी असते आणि सुरुवातीचे आठ बार म्हणजे नुसते असे कॉर्डच आहेत. तिथे प्रोग्रॅमला जे "अंतर" दिसतं त्यातलं निम्मं हे ताराबदलाचं असतं, लयीचं नसतं.

दुसरी भानगड दुसऱ्या मात्रेची. तुकडा सुरूच दुसऱ्या मात्रेवर होतो आणि तिथला सूर लांब असतो, एक छोटा, एक दीडपट, मग एक निमका, अशी चाल. वजन दुसऱ्या मात्रेवर. नवख्या माणसाला पण पहिल्यांदा ऐकताना ती दुसरी मात्रा समच वाटते, मग पुढे कुठेतरी पाय अडखळतो. माणूस दोन-तीन आवर्तनांत स्वतःला दुरुस्त करून घेतो, प्रोग्रॅम करेलच असं नाही.

तिसरी भानगड मला सगळ्यात मजेशीर वाटते. ८९ ते १२० या बारांमध्ये बाखने नुसते कॉर्ड लिहिलेत आणि सुरुवातीला "आर्पेजिओ" एवढाच शब्द टाकलाय. म्हणजे हे कॉर्ड मोडून वाजव, कसे ते तू बघ. पहिल्या बारात एक नमुना दिल्यासारखा आहे पण पुढे कॉर्डातले सूर बदलतात, वाढतात, आणि मोडायची तऱ्हा वादकावर. कोणी एका मात्रेत सहा सूर घेतो, कोणी आठ, कोणी सहाने सुरू करून हळूहळू दाटी वाढवत नेतो. लय तीच, पण सुरुवातींची दाटी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये वेगळी. मात्रेत सहा सूर घेतले की दोन-दोनचे तीन गट ऐकू येऊ शकतात, म्हणजे ५५ च्या लयीत १६५ चा आकडा पण मैदानात उतरतो. त्यामुळे दोन वादकांनी अगदी सारख्या लयीत वाजवलं तरी दोन कार्डांवर वेगळे टेम्पो दिसू शकतात. मेजरच्या शेवटी परत एकदा असाच आर्पेजिओचा भाग येतो, २०१ पासून.

आता ती मुलगी ११० ला का अडकली ते बघा. शाकोनच्या पहिल्या एक तृतीयांशात मात्रेला आठ सूर अशा धावत्या ओळी आहेत. ५५ च्या लयीत सेकंदाला साधारण सात सूर होतात, कष्टाचं पण माणसाच्या हातातलं काम. ११० ला एक मात्रा धरलं की सेकंदाला पावणेपंधरा. कोणाच्या बापाला जमणार नाही. तिला वाटत होतं हात कमी पडतोय, रियाज कमी पडतोय, आणि असं वाटण्यात आठवडे जातात लोकांचे, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं. ११० लावायचाच असेल तर प्रत्येक टिक म्हणजे अर्धी मात्रा धरायची, मग आकडा एकदम उपयोगी होतो.

आणि ५५ ही सुद्धा सरासरीच आहे हे विसरू नका. स्टॉपवॉच घेऊन बसलो तेव्हा सुरुवातीचे आठ बार, म्हणजे २४ मात्रा, २९ सेकंदांच्या आसपास गेले, म्हणजे ५० च्या जवळपास. धावत्या ओळींमध्ये लय ६० च्या वर चढत होती, मेजर सुरू होतो तिथे एकदम खाली येत होती. वादक घड्याळावर वाजवत नाही आणि इथे वाजवूही नये. बाखने या तुकड्यावर लयीची कसलीही सूचना लिहिलेली नाही, आणि मेट्रोनोम तर माल्झेलने पेटंट घेतलं १८१५ मध्ये, त्यामुळे "बाखचा खरा आकडा" शोधणाऱ्यांनी दमानं घ्यावं. काहीजण म्हणतात हा मुळात नाच, तेव्हा चपळ वाजवा, काहीजण चर्चमध्ये मिरवणूक निघाल्यासारखं वाजवतात, दोघांकडे कारणं आहेत. मला स्वतःला ५५ ते ६० च्या मधलं पटतं, ५० च्या खाली गेलं की चार बारांचं आवर्तन कानात धरून ठेवता येत नाही, त्याचे तुकडे पडतात.

मूड

इथे मात्र मी कार्डाला सूट देणार नाही. पट्टी आणि लय यांचं निदान मोजमाप तरी झालं होतं. मूडचं मोजमाप झालेलंच नव्हतं, तो बाकीच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष होता. असे प्रोग्रॅम सहसा दोन अक्षांवर विचार करतात, एक आनंदी ते दुःखी आणि दुसरा शांत ते उत्तेजित, मूळ कल्पना मानसशास्त्रातली, जेम्स रसेलने १९८० मध्ये मांडलेली भावनांच्या वर्तुळाची. त्यात मायनर पट्टी दिसली की दुःखाकडे ढकललं, आवाजाची पातळी कमी, ड्रम नाही, बेस नाही, म्हणून शांतकडे ढकललं. झालं, उदास आणि शांत.

एकटं व्हायोलिन, तेही आतड्याच्या तारांचं, एखाद्या मोठ्या घुमणाऱ्या खोलीत माइक जरा लांब ठेवून घेतलेलं, ते पातळीच्या मीटरवर शांतच दिसणार. पण ज्याने ८९ ते १२० चा आर्पेजिओ ऐकलाय, जिथे आवाज हळूहळू दाटत जातो आणि शेवटी सगळ्या तारा एकदम पेटल्यासारख्या होतात, त्याला "शांत" हा शब्द वाचून हसू येईल. एकट्या वाद्यासाठी यापेक्षा जास्त ताणलेलं संगीत शोधायला लागेल.

आणि मेजर भाग. १३३ व्या बारापासून डी मेजर येतं, सुरुवातीला इतकं साधं आणि खालच्या स्वरात की पट्टी बदलली हे कळायला क्षण जातो. मग थोड्या वेळाने एकच सूर तीन-तीनदा वाजतो, तुतारीसारखा, आधी एका ठिकाणी मग दुसऱ्या, आणि तो भाग चढत चढत मोठा होत जातो. याला उदास म्हणणारा एकतर ऐकत नाहीये किंवा सरासरी काढतोय. आणि २०९ ला परत मायनर येतं तेव्हा ते पहिल्या मायनरसारखं वाटत नाही, मधलं सगळं ऐकून झालेलं असतं ना. एकाच पट्टीचे दोन भाग आणि दोन्हीचा मूड वेगळा, कारण क्रम. बारा खान्यांच्या राशीत क्रम नसतो.

हे सांगितल्यावर तिने लगेच विचारलं, पण हे बाखने बायकोच्या मृत्यूनंतर लिहिलं ना, मग उदास बरोबरच की. ही गोष्ट सगळीकडे फिरते म्हणून इथे थांबतो जरा. खरं एवढं की बाख १७२० च्या उन्हाळ्यात त्याच्या मालकाबरोबर, प्रिन्स लिओपोल्डबरोबर, कार्ल्सबादला गेला होता आणि तो परत क्योटनला आला तेव्हा मारिया बार्बरा वारलेली होती, पुरून झालेली होती. आणि हस्तलिखितावर १७२० आहे. पण ती स्वच्छ उतरवलेली प्रत आहे, रचना कधी केली ते तिच्यावरून ठरत नाही. हेल्गा टोएने या अभ्यासक बाईंनी मांडलं की शाकोन म्हणजे मारिया बार्बराचं स्मारक आहे आणि त्यात चर्चच्या गीतांच्या चाली लपवलेल्या आहेत, त्यावर २००१ मध्ये मोरिमुर नावाचा अल्बमही निघाला, हिलियर्ड आन्साम्बल आणि क्रिस्टोफ पॉपेनचा, ऐकायला सुंदर आहे. पण पुरावा म्हणून बघितलं तर डगमगता आहे, बऱ्याच अभ्यासकांना पटलेला नाही. उलट शाकोन हा नाच मुळात स्पेनमधून युरोपभर पसरला तेव्हा चांगलाच चावट आणि उडता समजला जायचा, नंतर फ्रान्सच्या दरबारात ल्युली या संगीतकाराच्या हाताखाली तो भारदस्त झाला. तेव्हा नावातूनही दुःख सिद्ध होत नाही. वाजवणाऱ्याला ती गोष्ट मनात धरून वाजवायचं असेल तर खुशाल वाजवावं, फक्त त्या गोष्टीचा आधार घेऊन कार्ड बरोबर ठरवू नये, कार्डाला मारिया बार्बरा माहीत नव्हती, त्याला फक्त मायनर आणि कमी आवाज माहीत होता.

मग केलं काय

रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचे तीन रस्ते होते. एक, स्वतःचं व्हायोलिन ४१५ ला उतरवायचं. तिने करून बघितलं, खुंट्या सैल केल्या, पण तिच्या तारा आजच्या बनावटीच्या, ४४० च्या ताणासाठी केलेल्या, त्या ढिल्या पडल्या की जी तार बोखाली लोळायला लागते आणि आवाज कुजबुजल्यासारखा येतो. शिवाय परत वर लावल्यावर तारा स्थिर व्हायला वेळ घेतात, रोज वरखाली करणं परवडणारं नाही. दोन, रेकॉर्डिंगचा वेग वाढवून अर्धा सूर वर न्यायचं. जुन्या टेपसारखं सरळ वेग वाढवला तर सूर वर जातो पण चौदा मिनिटांचं तेरा मिनिटं तेरा सेकंद होतं, ५५ ची लय ५८ च्या वर जाते. तीन, लय तशीच ठेवून फक्त सूर वर सरकवायचा, हल्ली साध्या प्रोग्रॅममध्येही होतं. तिने तिसरा घेतला. कॉर्डचे ठोके किंचित पुसट होतात त्यात, बोचा खरखरीत आरंभ जो आतड्याच्या तारांची खरी मजा असते तो थोडा पावडर लावल्यासारखा होतो, पण सरावाला चालतं. लयीचा अंदाज घ्यायला सरकवलेली फाइल आणि आवाज कसा काढायचा ते ऐकायला मूळ फाइल, अशी वाटणी केली.

मेट्रोनोमचं असं ठरलं की तुकडाभर एकच आकडा लावायचा नाही. सुरुवातीचे कॉर्ड ५० ला, धावत्या ओळी आधी ४० ला आणि मग चढवत ६० पर्यंत, मेजरची सुरुवात मेट्रोनोमशिवाय. आर्पेजिओमध्ये रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचंच नाही, कारण तो वादक मात्रेत आठ सूर घेतो आणि तिच्या शिक्षकांनी सहाने बसवायला सांगितलंय, दोन्ही एकत्र लावले तर नुसता गोंगाट. तिथे फक्त बार मोजत ऐकायचं.

फाइलच्या टॅगमध्ये आता तिने लिहिलंय: डी मायनर, मधे डी मेजर, ए ४१५, सरासरी ५५, कॉर्ड खालून वर मोडलेले, आर्पेजिओ आठाने. मूडच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारत होती, मी म्हटलं तिथे बारांचे आकडे टाक, १३३ आणि २०९, म्हणजे पुढच्या वेळी थेट तिथे उडी मारता येईल. आता तिने दुसरं एक रेकॉर्डिंग आणलंय, आजच्या व्हायोलिनवरचं, त्याचं कार्ड डी मायनर दाखवतं, ट्यूनरवर ए ४४२ येतो, आणि टेम्पो लिहिलाय ७३. त्याचे मिनिटं-सेकंद घेऊन ७७० ला भागायचं काम तिच्याकडे दिलंय.